८४ दिवसांचं औषध आणि जामिनाची तारीख : कारागृहातून सुटताना हिपॅटायटीस सीचा उपचार कसा टिकवायचा

जामीन कधी होईल हे डॉक्टरांना माहीत नसतं आणि गोळ्या किती उरल्यात हे कोर्टाला माहीत नसतं. कारागृहात हिपॅटायटीस सीचं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या लिव्हरच्या विषाणूजन्य आजाराचं निदान झालेल्या माणसाचा उपचार फसतो तो बहुतेक वेळा या दोन न जुळणाऱ्या तारखांमुळे. औषध चांगलं आहे. रोज गोळ्या, १२ आठवडे, आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक लोक कायमचे बरे होतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. तेव्हापासून तपासणी आणि औषध दोन्ही सरकारी केंद्रांवर मोफत मिळतं. तरीही माणूस गेटबाहेर पडतो आणि पुढची बाटली कुणी द्यायची, कुठे द्यायची, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

उदाहरण साताऱ्याचं आणि सांगलीचं घेऊ. ही दोन्ही जिल्हा कारागृहं. लांब शिक्षा लागलेल्यांना कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा येरवड्याला हलवतात. इथे मुक्काम असतो तो मुख्यतः कच्च्या कैद्यांचा, म्हणजे खटला चालू असलेल्या न्यायाधीन बंद्यांचा. देशभराचं चित्रही असंच आहे. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीत भारतातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन होती, म्हणजे चारातली तीन. शिक्षा झालेल्याची सुटकेची तारीख रजिस्टरमध्ये लिहिलेली असते, त्यानुसार डोस आखता येतो. कच्च्या कैद्याचं तसं नाही. सकाळी तो बराकीत असतो आणि संध्याकाळी विट्याच्या एसटीत. म्हणून तपासणीच्या पहिल्या दिवसापासून ‘हा माणूस उद्याच सुटणार आहे’ असं धरूनच काम करावं लागतं. या लेखातलं जवळजवळ सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

ही ‘ती’ कावीळ नव्हे

आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, लघवी पिवळी आणि गावातला काविळीचं औषध देणारा माणूस आठवतो. ती कावीळ बहुधा दूषित पाण्यातून होणारी, हिपॅटायटीस ए किंवा ई. ती बऱ्याचदा आपोआप उतरते, आणि श्रेय माळेला किंवा झाडपाल्याला जातं. हिपॅटायटीस सीचा विषाणू वेगळा आहे. तो रक्तातून रक्तात जातो आणि बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. लागण झालेल्यांपैकी १५ ते ४५ टक्के लोकांच्या शरीरातून तो पहिल्या सहा महिन्यांत आपसूक निघून जातो. बाकीच्यांच्या यकृतात तो मुक्काम ठोकतो. वीसेक वर्षांत त्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांचं लिव्हर आक्रसून घट्ट होतं. त्यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी, रक्ताच्या उलट्या, कॅन्सर. तोवर माणूस ऊस तोडतो, ट्रक चालवतो, तालमीत जातो आणि त्याला काही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा दीर्घ आजार आहे. कारागृहांत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरंच जास्त असतं आणि त्याची कारणं साधी आहेत. एकाच सिरिंजने नशा करणारे आत एकत्र येतात. शिवणाच्या सुईने आणि पेनच्या शाईने गोंदण होतं. एक ब्लेड तीन जणांच्या दाढीला फिरतं. बाहेरही हेच रस्ते आहेत. जत्रेत एका सुईने आणि एकाच शाईच्या वाटीतून दहा जणांचं गोंदण होतं. काही जिममध्ये ‘ताकदीचं’ म्हणून मेफेंटरमाइनची इंजेक्शनं चोरून घेतली जातात. हे औषध शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असतं. व्यायामासाठी ते नाही. आणि एका कुपीतून चौघांनी घेतलं, सिरिंज तीच राहिली, तर रक्तातला विषाणूही चौघांत वाटला जातो.

एका ताटात जेवल्याने, तांब्या एक असल्याने, मिठी मारल्याने, डासाने किंवा संडास एक असल्याने हा आजार पसरत नाही. घरी येणाऱ्या माणसाचं ताट वेगळं करायची गरज नाही. ब्लेड, नखं कापायचं आणि टूथब्रश मात्र वेगळे हवेत, कारण तिथे रक्ताचा अंश राहतो. नवरा-बायकोत लैंगिक संबंधातून लागण क्वचित होते. तरी जोडीदाराची एकदा तपासणी करून घ्यावी. या आजाराची लस नाही.

तपासण्या दोन, आणि दुसरीच निसटते

पहिली तपासणी बोटाला टोचून थेंबभर रक्तावर होते. साधारण वीस मिनिटांत पट्टीवर रेघ दिसते. तिला अँटिबॉडी तपासणी म्हणतात. ती सांगते एवढंच, की हा विषाणू शरीरात कधीतरी शिरला होता. आज आहे की नाही, हे तिला कळत नाही. आपोआप बरा झालेला आणि औषधाने बरा झालेला, दोघांचीही रेघ पुढे वर्षानुवर्षं उमटत राहते.

दुसरी तपासणी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, मोजते. तिला सगळे ‘व्हायरल लोड’ म्हणतात. उपचार द्यायचा की नाही हे या रिपोर्टवरच ठरतं. टीबीच्या तपासणीसाठी असलेल्या जीनएक्सपर्ट मशीनवर वेगळं कार्ट्रिज लावून ती दोन तासांच्या आत होऊ शकते. ट्रूनॅट या दुसऱ्या मशीनवरही होते.

गळती होते ती या दोन तपासण्यांच्या मध्ये. शिबिरात पट्टी पॉझिटिव्ह येते, ‘सिव्हिलला नेऊन रक्त काढू’ असं ठरतं आणि मग पोलिस गार्ड मिळत नाही. गणपती, निवडणूक, वारी, मोर्चा, काहीही आलं की मुख्यालयातले पोलिस बंदोबस्ताला जातात आणि दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. तेवढ्यात जामीन होतो. त्या माणसाच्या हातात उरतो फक्त ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द, आणि त्याला वाटतं आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. किंवा काहीच वाटत नाही.

यावर उतारा सोपा आहे : माणूस हलवू नका, नळी हलवा. पट्टीवर रेघ दिसली की त्याच खुर्चीत, त्याच वेळी, हातातून ४-५ मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात. नळीवर नाव, वय, नोंद क्रमांक, तारीख आणि वेळ लिहायची. थंड डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोहोचवायची, म्हणजे चोवीस तासांच्या आत प्लाझ्मा (रक्तपेशी काढून उरलेला पातळ भाग) वेगळा करता येईल. जीनएक्सपर्टला १ मिली प्लाझ्मा लागतो. अर्धी भरलेली नळी पाठवली की नमुना अपुरा म्हणून परत येतो आणि पुन्हा तोच गार्डचा घोळ सुरू होतो.

त्याच टोचण्यात आणखी एक-दोन नळ्या भरून घ्याव्यात : हिपॅटायटीस बी, एचआयव्ही, हिमोग्राम, लिव्हरच्या तपासण्या, किडनीसाठी क्रिएटिनिन. बाई असेल तर ती गरोदर आहे का, ही तपासणीही त्याच दिवशी. हिपॅटायटीस बीची तपासणी अजिबात टाळू नये. बी आणि सी दोन्ही असतील तर सीचं औषध चालू असताना झोपलेला बी उसळू शकतो आणि लिव्हर अचानक बिघडतं. आधी कळलं तर त्याला औषध देऊन थोपवता येतं.

लिव्हर किती बिघडलंय ते दोन आकड्यांत

कोणतं औषध द्यायचं हे सिऱ्हॉसिस आहे की नाही यावर ठरतं. त्यासाठी सुरुवातीलाच महागडं मशीन लागत नाही. एसजीओटी (म्हणजे एएसटी) आणि प्लेटलेट पुरतात. एसजीओटीला त्या लॅबच्या वरच्या मर्यादेने भागायचं, आलेल्या आकड्याला प्लेटलेटच्या हजारांतल्या आकड्याने भागायचं आणि १०० ने गुणायचं. याला एपीआरआय म्हणतात.

एकाचं एसजीओटी ६०, मर्यादा ४०, प्लेटलेट २,२०,०००. तर ६० भागिले ४० म्हणजे १.५. त्याला २२० ने भागून १०० ने गुणलं की ०.६८ येतात. चिंता कमी. दुसऱ्याचं एसजीओटी ९६ आणि प्लेटलेट १,१०,०००. तर २.४ ला ११० ने भागून १०० ने गुणलं की २.१८. आकडा २ किंवा त्याहून वर गेला की सिऱ्हॉसिस धरून पुढची तपासणी करायची. पोटात पाणी, पायावर सूज, डोळे पिवळे, बडबड किंवा गुंगी असेल तर हिशेब करत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयात.

साध्या रुग्णाला सोफोसबुवीर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासवीर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, ८४ दिवस. सिऱ्हॉसिस आहे पण लिव्हर अजून काम निभावतंय, अशा रुग्णाला सोफोसबुवीर ४०० आणि वेल्पाटासवीर १०० ही एकत्र गोळी, तीही ८४ दिवस. लिव्हर थकलेलं असेल तर त्यात रिबाव्हिरिन घालतात. ते झेपत नसेल तर रिबाव्हिरिनशिवाय २४ आठवडे देतात. रिबाव्हिरिनने रक्त कमी होतं आणि गर्भाला अपाय होतो, म्हणून हे दुखणं तज्ज्ञांच्या हाती. गरोदरपणात यातलं काहीच देत नाहीत. बाळंतपणानंतर उपचार होतो. अंगावर पाजायला हरकत नाही, स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तेवढे दिवस सोडून.

काही औषधं या गोळ्यांशी भांडतात. टीबीचं रिफॅम्पिसिन हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं, कारण कारागृहांत टीबीही बराच असतो. रिफॅम्पिसिन चालू असेल तर सीची गोळी रक्तात टिकतच नाही. म्हणून आधी टीबीचा कोर्स पूर्ण, मग हा. फिटसाठीचं फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन चालत नाही, ते बदलून मगच सुरुवात. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन असेल तर सोफोसबुवीरबरोबर ठोके धोकादायकरीत्या मंद होऊ शकतात. वेल्पाटासवीर घेणाऱ्याने अ‍ॅसिडिटीची गोळी मनाने घेऊ नये, औषध पोटात शोषलं जात नाही. कारागृहाच्या दवाखान्यात ‘पोटात जळजळतंय’ ही रोजची तक्रार असते आणि तिथे पटकन ती गोळी दिली जाते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दारू पितो म्हणून उपचार नाकारायचा नसतो. नशा करतो म्हणूनही नाही. दारू लिव्हरला वाईट आहे हे खरंच, ते रुग्णाला सांगावं. पण ‘आधी सोड, मग ये’ असं सांगितलेला माणूस परत येत नाही.

सुरू करायचं की थांबायचं?

बऱ्याच ठिकाणी असा विचार होतो की याची बेल लागलीच आहे, आता सुरू केलं तर अर्ध्यावर सोडेल, औषध वाया जाईल. विचार समजण्यासारखा आहे, पण चुकीचा आहे. थांबवलेला माणूस बाहेर जाऊन स्वतःहून सुरू करतो, असं घडत नाही. त्याला बाहेर काम शोधायचं असतं, वकिलाचे पैसे द्यायचे असतात, तारखांना हजर राहायचं असतं, आणि त्याला कुठे दुखत तर नसतं. आत सुरू झालेला उपचार बाहेर टिकवणं हे बाहेर नव्याने सुरू करण्यापेक्षा पुष्कळ सोपं असतं. कारण गोळ्या हातात असतात, सवय लागलेली असते आणि केंद्रात नाव नोंदलेलं असतं.

शिवाय आत उपचार केल्याने आतली लागणही घटते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या चार तुरुंगांत उपचार भराभर वाढवून पाहिले तेव्हा नव्या लागणींचा दर जवळजवळ निम्म्यावर आला : दर शंभर व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे शंभर जणांवर वर्षभर लक्ष ठेवलं तर) ८.३१ वरून ४.३५. आपल्याकडे पंजाबने २०१६ मध्ये हा उपचार जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर आणला. मोठ्या शहरातल्या लिव्हरतज्ज्ञाकडे न जाता जिल्ह्याच्या ठिकाणी, साध्या फिजिशियनच्या हातून लोक बरे होतात, हे तिथे दिसलं. साताऱ्यात किंवा सांगलीत ते न होण्याचं काही कारण नाही.

एका माणसाचं कॅलेंडर

समजा सांगलीच्या कारागृहातला एक तरुण, गाव आटपाडीकडचं, १ जूनला पहिली गोळी घेतो. औषध २८ दिवसांच्या बाटल्यांत येतं. पहिली बाटली २८ जूनला संपते, २९ जूनला दुसरी सुरू. १० जुलैला त्याने चाळिसावा डोस घेतला आणि त्याच संध्याकाळी जामिनाचा आदेश आला. दुसऱ्या बाटलीत १६ दिवसांचं औषध शिल्लक आहे. तिसरी बाटली अजून केंद्रातून आलेलीच नाही. म्हणजे पूर्ण व्हायला ४४ दिवस बाकी.

बाटली फार्मासिस्टच्या कपाटात आहे. फार्मासिस्ट दुपारी घरी गेला. गेटवर त्याचे कपडे, मोबाईल, पाकीट सही घेऊन परत दिलं जातं, पण औषध त्या यादीतच नाही, कारण ते त्याने येताना आणलेलं नव्हतं. भाऊ मोटारसायकल घेऊन बाहेर उभा आहे. अशा वेळी ‘माझ्या गोळ्या राहिल्या’ म्हणून आत परत वळणारा माणूस विरळा.

१६ दिवसांचं औषध हातात मिळालं तर तो २६ जुलैपर्यंत बिनघोर. तेवढ्यात त्याने तिसरी बाटली घेतली पाहिजे, २७ जुलैला ती सुरू होऊन २३ ऑगस्टला कोर्स संपतो. औषध मिळालंच नाही तर ११ जुलैपासूनच खाडा. फरक फक्त एका कपाटाच्या किल्लीचा आहे.

सुटकेचं पाकीट

म्हणून उपचार सुरू झालेल्या प्रत्येकाचं एक पाकीट पहिल्या दिवशीच तयार करून ठेवावं आणि ते दवाखान्यात न ठेवता गेटवर, सुटकेची कागदपत्रं जिथे होतात तिथे ठेवावं. साधा जाड खाकी लिफाफा चालतो. वर नाव आणि बंदी क्रमांक. आजाराचं नाव वर लिहू नये. गेटवर दहा जणांच्या नजरा असतात आणि सोबत गावचं कुणी असतं. ‘वैद्यकीय’ एवढाच शब्द पुरे.

आत व्हायरल लोडच्या रिपोर्टची प्रत, हिपॅटायटीस बीचा रिपोर्ट, एपीआरआयचा हिशेब, औषधाचं नाव आणि डोस, पहिली गोळी कधी, शेवटची कधी, कार्यक्रमातला नोंदणी क्रमांक, आणि पुढची बाटली कुठल्या केंद्रातून घ्यायची त्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर ‘सिव्हिलला दाखवा’ असं मोघम लिहून भागत नाही. सिव्हिलमध्ये माणूस केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, मेडिसिन ओपीडीत जातो, तिथून लॅबला, तिथून औषधाच्या खिडकीला आणि एक वाजता खिडकी बंद होते. कुठल्या इमारतीत, कितव्या खोलीत, कोणत्या वारी, किती ते किती, आणि कुणाला भेटायचं, हे सगळं चिठ्ठीवर हवं. केंद्रातल्या समुपदेशकाचा कामाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात.

गोळ्या त्याच लिफाफ्यात ठेवता येत नाहीत, कारण त्या रोज लागतात. त्यासाठी गेटच्या सुटकेच्या यादीत एक ओळ वाढवायची : ‘दवाखान्यातून औषध आणलं का?’ आणि दवाखान्याच्या कपाटाची दुसरी किल्ली संध्याकाळच्या ड्युटीवरच्या अधिकाऱ्याकडे. केंद्राने साठा देताना एक बाटली पुढची दिली तर आणखी बरं. वर सांगितलेल्या तरुणाला १६ ऐवजी सगळे ४४ दिवसांचं औषध मिळालं असतं आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटला असता. गोळ्या साध्या खोलीच्या तापमानाला टिकतात, फ्रीज लागत नाही.

दर सोमवारी फार्मासिस्टने यादी काढून लिफाफ्यातल्या तारखा ताज्या कराव्यात. दहा मिनिटांचं काम. आणि कुणाला कळंब्याला किंवा येरवड्याला हलवलं तर लिफाफा आणि बाटली त्याच गाडीत, त्याच गार्डच्या हातात. ‘मागाहून पाठवू’ म्हटलेले वैद्यकीय कागद मागे राहतात.

नावाचा घोळ आधीच मिटवावा. एफआयआरमध्ये एक नाव, आधारला दुसरं, गावात तिसरं. कार्यक्रमात नोंद करताना आधारवरचं नाव घ्यावं आणि कारागृहातलं नाव शेजारी लिहावं. मोबाईल नंबर विचारताना ‘तुझा’ नंबर पुरत नाही, तो जप्त झालेला किंवा बंद असतो. आईचा, बायकोचा, वकिलाचा, असे दोन-तीन घ्यावेत आणि ‘फोन आल्यावर काय सांगायचं?’ हेही विचारावं. घरी माहीत नसेल तर ‘दवाखान्यातून, तपासणीबद्दल’ एवढंच.

पत्ताही गावाचा पुरत नाही. खानापूर-आटपाडी भागातले कित्येक जण सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात देशभर पसरलेले आहेत. सुटल्यावर मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात परराज्यात निघून जाणं ही तिथे नेहमीची गोष्ट. त्याने उपचार मोडायची गरज नाही, कारण कार्यक्रम राष्ट्रीय आहे आणि दुसऱ्या राज्यातल्या केंद्राकडे नोंद बदलून देता येते. पण ते सुटायच्या आधी विचारलं पाहिजे : ‘सुटलास तर पहिला महिना कुठे राहशील?’

बाहेर आल्यावर

पहिल्या आठवड्यात केंद्राला एक फेरी मारा, औषध शिल्लक असलं तरी. जतहून किंवा दहिवडीहून जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे दिवस मोडतो, हे खरं. म्हणून ही फेरी कोर्टाच्या तारखेला किंवा पोलिस ठाण्याच्या हजेरीला जोडून घ्या. तारीख तर चुकवता येत नाही. ती ज्या दिवशी आहे त्याच दिवशी सकाळी आधी दवाखाना. केंद्राने पुढची बोलावणी देताना तारखेचा कागद मागून पाहिला तर दोन्ही कामं एका तिकिटात होतात.

लिफाफा मिळाला नसेल तर गप्प बसू नका. घरच्या कुणीतरी कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्यावा, की अमुक बंदी अमुक तारखेला सुटला, त्याच्या वैद्यकीय कागदांची प्रत आणि उरलेलं औषध मिळावं. पोच घ्यावी. अडलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, त्यांचा मोफत क्रमांक १५१००. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांत जामिनाचा आदेश कारागृहाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने पाठवायला सांगितलं आहे. सुटका लवकर व्हावी हा त्याचा हेतू. पण तो ईमेल आला की दवाखान्याला एक फोन करायचा, एवढी सवय लावली तर औषधासाठी काही तास हाताशी मिळतात. वकिलांनीही जामिनाच्या दिवशी अशिलाला विचारावं, ‘आत काही औषध चालू होतं का?’

नशा करणाऱ्याला सुटकेनंतरचे पहिले आठवडे फार धोक्याचे असतात. आत महिनोन्‌महिने अफूजन्य नशा बंद असते, शरीराची सवय मोडलेली असते, आणि बाहेर येऊन जुन्याच प्रमाणात घेतली तर श्वास थांबून जीव जातो. हे घरच्यांना माहीत हवं. बुप्रेनॉर्फिनची (अफूजन्य नशेऐवजी देखरेखीखाली द्यायच्या औषधाची) उपचार केंद्रं, नव्या सिरिंज, एचआयव्हीची तपासणी यांची माहिती १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर मिळते.

खाडा पडला तर

एक दिवस विसरला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर दोन एकदम घेऊ नका. चार-पाच दिवस राहिले, अगदी सात दिवस राहिले, तरी लगेच पुन्हा सुरू करा आणि ठरलेल्या सगळ्या गोळ्या पूर्ण करा. आठवड्याच्या वर गेलं तर गोळी सुरू करून केंद्रात जा, तिथे व्हायरल लोड पाहून पुढचं ठरवतील. गरज पडली तर कोर्स वाढवतात. तीन आठवडे किंवा जास्त गेले तर मनाने काही करू नका, डॉक्टर थांबवून नव्याने विचार करतील. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ‘आता सगळं वाया गेलं’ असं म्हणून घरी बसायचं कारण नाही. पहिल्यांदा बरं न झालेल्याला दुसऱ्यांदा वेगळ्या औषधाने उपचार देता येतो.

केंद्रातल्या माणसांना एक विनंती. खाडा करून आलेल्याला पहिलं वाक्य ‘इतके दिवस कुठे होतास?’ हे नसावं. त्याने ते वाक्य पोलिसांकडून, घरच्यांकडून, मुकादमाकडून ऐकलेलं असतं. गोळ्या किती उरल्यात ते विचारा आणि मोजा.

१५ नोव्हेंबर

गोळ्या संपल्या म्हणजे बरं झालं असं नाही. शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी पुन्हा व्हायरल लोड करतात. तो सापडला नाही तर माणूस बरा झाला. आटपाडीच्या त्या तरुणाची शेवटची गोळी २३ ऑगस्टला, म्हणजे ही तपासणी १५ नोव्हेंबरला. नेमका तेव्हा उसाचा हंगाम सुरू झालेला असतो, तो टोळीबरोबर फडावर असतो आणि त्याला काही त्रासही नसतो. सगळ्यात जास्त माणसं इथे निसटतात. फडाच्या जवळच्या केंद्रात ही तपासणी झाली तरी चालते, आणि पंधरा दिवस उशिरा झाली तरी चालते. झाली पाहिजे. लिफाफ्यावर पहिल्याच दिवशी लाल पेनने ही तारीख लिहून ठेवा.

सिऱ्हॉसिस असलेल्याने विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करत राहावी, कॅन्सरचा धोका कमी होतो पण शून्य होत नाही. आणि बरं झालेल्याला हा आजार पुन्हा होऊ शकतो. दुसऱ्याची सिरिंज, जत्रेतली सुई, न्हाव्याकडचं जुनं ब्लेड, रस्ते तेच आहेत. पुन्हा झाला तर पुन्हा उपचार मिळतो.

१५ नोव्हेंबरचा तो रिपोर्ट मात्र जपून ठेवा. बोटाच्या थेंबावरची पट्टी पुढेही पॉझिटिव्हच येत राहणार : पुन्हा कधी आत जावं लागलं तर तिथल्या शिबिरात, ऑपरेशनच्या आधी, आखाती देशात नोकरीला जाताना. तेव्हा ‘तुला हिपॅटायटीस आहे’ असं सांगितलं जाईल. त्यावर उत्तर म्हणजे हा एक कागद, ‘एचसीव्ही (म्हणजे हिपॅटायटीस सीचा विषाणू) आरएनए आढळला नाही’ असं लिहिलेला. त्याचा फोटो मोबाईलमध्ये, एक प्रत घरी आधारच्या कागदांसोबत, आणि एक वकिलाच्या फाईलला.